हरणाऱ्याची जागा

मित्रांनो, बिलियर्डच्या टेबलाखाली तुम्ही कधी वाकून पाहिले आहे का? एकदा पाहा. जाडजूड लाकडी पायांच्या मध्ये दोन खुंट्या असतात आणि त्या खुंट्यांवर एक लांब दांडा आडवा निजलेला असतो. दांड्याच्या टोकाला पितळेचे डोके असते आणि डोक्यावर खाचा. ती मी.

माझे काम साधे आहे. खेळताना हात जिथे पोचत नाही, तिथे माझे डोके हिरव्या कापडावर टेकवायचे, खाचेत काठी ठेवायची आणि नेम धरायचा. दुकानात मला काही भारदस्त नाव असेलही. पण पोर्तो रिको बेटाच्या डोंगरात, उतुआदो गावच्या सेनोनच्या हॉलमध्ये सगळे मला कुबडीच म्हणतात. सुरुवातीला वाईट वाटायचे. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

मला सेनोनच्या वडिलांनी घडवले. खरे तर मी खेळायची काठी व्हायची होते. लाकूड चांगले होते, अक्रोडासारखे तपकिरी, आणि घासल्यावर त्याला एक मंद चमक आली होती. पण वाळताना माझ्या अंगात जरासा बाक आला. सेनोनच्या वडिलांनी एक डोळा मिटून मला लांबून न्याहाळले. ते म्हणाले, "ही काही सरळ मारायची नाही. दुसऱ्याला टेकू द्यायला मात्र चालेल." मग एका मोडक्या पलंगाचा पितळी गोळा वितळवून त्यांनी माझे डोके ओतले. अशी मी अर्धी झाडाची आणि अर्धी पलंगाची आहे. म्हणूनच की काय, मला निजून राहायची सवय फार.

आणि निजूनच राहावे लागले. हॉलमध्ये येणाऱ्या पुरुषांना माझी लाज वाटायची. पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यभागी जाऊन बसला की ते काय काय करायचे म्हणून सांगू. पोटावर आडवे व्हायचे, एक पाय हवेत न्यायचे, काठी पाठीमागून फिरवायचे, डाव्या हाताने मारून पाहायचे. चेंडू चुकला तरी चालेल, पण कुबडीला हात लावायचा नाही. मला बाहेर काढले जायचे ते वेगळ्याच कामांसाठी. छताच्या पंख्यावरचे जाळे काढायला. सरबताच्या पेटीखाली शिरलेले मांजर हुसकायला. मागच्या अंगणातले आंबे पाडायला. आंबे पाडताना मात्र सगळ्यांना माझे कौतुक असे.

मग एके दुपारी एनेदिना आली.

एनेदिना शाळेच्या भोजनघरात स्वयंपाकीण होती. गावातल्या निम्म्या माणसांनी लहानपणी तिच्या हातचा भात आणि घेवड्याची उसळ खाल्ली होती. ती उंचीने इतकी कमी होती, की शाळेतली मोठी मोठी पातेली ढवळायला पाटावर उभी राहायची. शाळा सुटल्यावर घरी जाताना ती रोज हॉलच्या दारात थांबून खेळ पाही. त्या दिवशी ती आत आली आणि तिने काठी मागितली.

"काय एनेदिना, आज भाताला सुट्टी?" सेनोनने विचारले. सेनोन तोवर हॉलचा मालक झाला होता आणि त्याचे पोटही मालकाला शोभेल असे झाले होते.

"भात झाला. पातेलीसुद्धा घासून झाली. आता तुझ्या हॉलकडे बघते."

तिसऱ्याच फटक्याला पांढरा चेंडू लांब गेला. एनेदिना टेबलावर वाकली, आणखी वाकली आणि तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. मित्रांनो, या खेळाचा नियम असा आहे, की मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा.

"पाय, पाय," सेनोन म्हणाला. "खेळतेयस की पोहतेयस?"

"मग माझ्या उंचीच्या माणसानं काय करायचं?"

"शाळेतून तुझा तो पाट घेऊन ये."

हॉल हसला. एनेदिनाही हसली. मग ती वाकून टेबलाखाली पाहू लागली. "हे खाली काय ठेवलंय?"

"ती होय? ती कुबडी. म्हाताऱ्यांसाठी आहे."

"मग दे की. घरी वरच्या फळीवरचा डबा काढायला मी स्टूल घेते. तेव्हा तर कोणी हसत नाही."

तिने मला बाहेर काढले, माझ्या अंगावरची धूळ परकराच्या टोकाने पुसली आणि माझे डोके कापडावर टेकवले. किती वर्षांनी मी ते कापड पाहत होते. खालून फक्त त्याची फळी दिसते हो. वरून ते गवताच्या कुरणासारखे दिसते.

तेव्हापासून आमची मैत्री झाली. माझ्या अंगातला बाक कोणत्या बाजूला आहे हे तिने ओळखले आणि तो बाक नेहमी खाली येईल असे ती मला धरू लागली.

आता आमच्या गावच्या जत्रेविषयी सांगते. दर वर्षी सान मिगेल या संताच्या जत्रेत सेनोनच्या हॉलमध्ये मोठी स्पर्धा भरते. पोन्से, आरेसिबो, बायामोन अशा गावांतून भारी खेळाडू येतात. बाहेर बँड वाजत असतो, तळलेल्या माशाच्या भज्यांचा वास दारातून आत येत असतो आणि आत मात्र एवढी शांतता, की चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत जावा. बघ्यांनी कॉफीच्या पोत्यांना बांधायच्या सुंभाच्या दोरीमागे उभे राहायचे, पुढे यायचे नाही, असा दंडक आहे. उंच माणसांना दिसते. एनेदिनासारख्यांना पुढच्याच्या पाठीवरचा घाम दिसतो.

आणखी एक रीत आहे. जो हरेल त्याने त्याच टेबलावरच्या पुढच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहायचे. सेनोनच्या वडिलांनी ती घालून दिली होती, कारण पंच व्हायला कोणी तयारच नसे. खेळाडूंना ही रीत म्हणजे शिक्षा वाटते. हरल्यावर माणसाला बाहेर जाऊन दोन भजी खावीत आणि चुलतभावाला आपले नशीब कसे फुटके आहे ते सांगावे असे वाटत असते. ते सोडून दुसऱ्यांचे चेंडू मोजत उभे राहायचे.

पहिल्या वर्षी एनेदिनाने स्पर्धेत नाव दिले, तेव्हा सगळ्यांना ती गंमत वाटली. आरेसिबोच्या एका खेळाडूने तिला बोलता बोलता हरवले. मग रीतीप्रमाणे ती पंच म्हणून उभी राहिली. आणि मित्रांनो, मी टेबलाखालून तिचे पाय पाहत होते. ते पाय नाचायचेच काय ते बाकी होते. दोरीमागे नाही, कोणाच्या पाठीमागे नाही. टेबलाच्या कडेला, हातभर अंतरावर ती उभी होती आणि तिच्यासमोर दोन मोठे खेळाडू खेळत होते. काठी कुठे लागते, पांढरा चेंडू फिरून कुठे थांबतो, मारण्याआधी माणूस श्वास कुठे सोडतो, सगळे तिला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये येऊन तिने त्यांतला एक फटका मारून पाहिला. चुकला. तिसऱ्या दिवशीही चुकला. पावसाळा संपता संपता तो जमला.

त्यानंतर ती दर वर्षी नाव देऊ लागली. दर वर्षी पहिल्याच सामन्यात हरायची आणि दर वर्षी पंच व्हायची. सेनोनचा प्रश्न ठरलेला असे, "मग एनेदिना, यंदा कोणाकडून हरायचं ठरवलंयस?"

"जो सगळ्यात चांगला खेळतो त्याच्याकडून. तुझी ओळख असेल तर जुळवून दे."

तिची एकच मुलगी, सोराइदा. ती सान हुआनला ग्रंथालयात नोकरी करायची आणि जत्रेला घरी यायची. सोराइदा उंच होती, बापावर गेलेली. आईचे हे दर वर्षीचे हरणे तिला आवडत नसे.

"आई, तिथं सगळे तुझ्याहून भारी असतात. माहीत असून तू नाव देतेस. लोक हसतात."

"तू सिनेमाला जातेस ना? तिथून जिंकून येतेस का?"

"सिनेमात मला कोणी हरवत नाही."

"म्हणून तर तुला काही येत नाही," एनेदिना म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. हे संभाषण हॉलच्या मागच्या अंगणात, जत्रेतले जेवण चालले असताना झाले. मी तेव्हा आंब्याला टेकून उभी होते.

मग ते मोठे वादळ आले. डोंगर उघडे पडले, पूल वाहून गेले. सेनोनने हॉलच्या दाराला मला अडसर म्हणून लावले आणि वादळ ओसरेपर्यंत मी दार धरून राहिले. दार टिकले, माझी मान मात्र दुखावली. डोके जरासे हलू लागले. त्यानंतर कित्येक महिने गावात वीज नव्हती. एनेदिना शाळेच्या अंगणात चूल मांडून साऱ्या वस्तीला जेवू घालायची आणि दुपारी हॉलमध्ये यायची. सेनोन सगळी दारे खिडक्या उघडी टाकायचा. पंखा नाही, गाणी नाहीत, थंड सरबत नाही. पण या खेळाला वीज लागत नाही. दारातून येणारा उजेड कापडावर पडायचा आणि तो सरकेल तसा खेळ टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायचा. घराची छपरे उडालेली माणसे तिथे तासन् तास हसायची. माझी मान हलते हे एनेदिनाच्याच लक्षात आले. दांडा किंचित डावीकडे पिळून धरला, की माझे डोके घट्ट बसते, हेही तिनेच शोधले.

आता त्या वर्षाकडे येते.

त्या वर्षी एनेदिना जत्रेला आली ती सोराइदाच्या गाडीतून. ती फार बारीक झाली होती आणि तिने डोक्याला निळा रुमाल बांधला होता. सेनोनने तिच्याकडे पाहिले आणि दर वर्षीचा प्रश्न त्याच्या तोंडातच राहिला.

"विचार की," एनेदिना म्हणाली.

"काय विचारू?"

"कोणाकडून हरायचं ठरवलंय ते. मी उत्तर घरून तयार करून आणलंय."

सेनोनने घसा खाकरला. "मग, कोणाकडून?"

"किलेसच्या आधी जो कोणी येईल त्याच्याकडून."

एरिबेर्तो किलेस हे नाव आमच्या डोंगरात लहान मुलांनाही माहीत आहे. पोन्सेचा हा म्हातारा एके काळी साऱ्या बेटावर कोणाला ऐकत नसे. बरीच वर्षे त्याने स्पर्धा खेळणे सोडले होते. त्या वर्षी तो पुतण्याच्या आग्रहाने उतुआदोला आला होता. एनेदिनाने त्याला तरुणपणी एकदा लांबून, माणसांच्या खांद्यांच्या फटीतून पाहिले होते. आता तिला तो जवळून पाहायचा होता. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याजोगे ते वर्ष नव्हते, हे तिला ठाऊक होते. सोराइदालाही ठाऊक होते. त्याविषयी दोघी बोलत नव्हत्या.

जोड्या ठरवायला सेनोनने चामड्याच्या बाटलीतून आकड्यांच्या गोट्या काढल्या आणि भिंतीवरच्या तक्त्यावर नावे लिहिली. एनेदिना टाचा उंचावून वाचू लागली. दुसऱ्या टेबलावर पहिला सामना: एनेदिना आणि बायामोनचा यादिएल. त्याच टेबलावर त्यानंतर लगेच: किलेस आणि आरेसिबोचा कोणी एक.

तिने दोन्ही हात जोडून छताकडे पाहिले. "सान मिगेल, एवढं तर मी मागितलंही नव्हतं."

"म्हणजे?" सोराइदाने विचारले.

"म्हणजे मी यादिएलकडून हरले, की किलेसच्या सामन्याला पंच मीच. दोरीच्या आत. अगदी त्याच्या कोपराजवळ."

"आणि हरणं तर तुझ्या हातचा मळ आहे," सोराइदा म्हणाली. पुष्कळ दिवसांनी दोघी मनापासून हसल्या.

यादिएल हा वीस-बाविशीचा, कानात चकाकती बाळी घातलेला मुलगा. त्याची स्वतःची काठी कातडी पेटीतून निघाली. चेंडूवर ठेवावा तसा हाताचा पंजा एनेदिनाच्या खांद्यावर ठेवत तो म्हणाला, "मावशी, घाबरू नका हं. पटकन संपवू."

"संपव बाबा. मला पुढं काम आहे."

जो आधी तीन डाव जिंकेल, त्याचा सामना. पहिला डाव यादिएलने खरोखरच पटकन संपवला. मग त्याला स्वतःचे इतके कौतुक वाटू लागले, की तो दोरीमागच्या मुलींकडे बघत बघत मारू लागला. दुसरा डाव एनेदिनाला मिळाला. कसा मिळाला हे तिलाही नीट कळले नाही. तिसरा त्याचा. चौथ्या डावात मात्र मी तिच्या हातात होते आणि मी सांगते, तो तिने मिळवला. लांबून मारलेला एक चेंडू असा अलगद जाळीत पडला, की पंच म्हणून उभा असलेला हॉलचा हिशेबनीस टाळी वाजवायला निघाला आणि मग आपण पंच आहोत हे आठवून त्याने हात खिशात घातले.

दोघांचे दोन दोन डाव झाले. आता यादिएलचे दोरीकडे लक्ष नव्हते. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

पाचव्या डावात एनेदिनाने आपल्या वाट्याचे, पट्ट्यांचे चेंडू एकेक करून जाळीत घातले. उरला शेवटचा काळा; तो पडला, की डाव जिंकला. तो समोरच्या कोपऱ्यात, जाळीच्या तोंडाशी बसला होता. पांढरा मात्र टेबलाच्या मध्यावर, आणि त्याच्या अलीकडे यादिएलचे दोन चेंडू जुळ्या भावांसारखे जवळ जवळ उभे. हात टेकायला जागा नाही. एनेदिना वाकली तर तिची छाती त्या चेंडूंना लागणार किंवा पाय सुटणार.

तिने काठीला खडू लावायला घेतला आणि ती दोरीजवळ आली. मी खाली निजले होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आई," सोराइदा हळूच म्हणाली, "कुबडी घेऊ नकोस. तशीच मार. चुकेल. कोणी काही म्हणणार नाही."

एनेदिना खडू लावत राहिली. पलीकडे किलेस हातात कॉफीचा कप घेऊन उभा होता, आपली पाळी कधी येते हे पाहत.

"आई, तो इथंच आहे. हातभर अंतरावरून बघशील. हेच तर तुला हवं होतं ना?"

"हवं तर आहेच."

"मग?"

"आजवर इथं मला कोणी मुद्दाम जिंकू दिलं का? एकानंही नाही. म्हणून तर मी येत राहिले." तिने यादिएलकडे पाहिले. तो नखे खात होता. "बघ तरी, पोराचं तोंड कसं झालंय. आज तो पहिल्यांदा काहीतरी शिकतोय. ते मी त्याच्याकडून काढून घेऊ?"

एनेदिना टेबलाकडे वळली, वाकली आणि तिचा हात माझ्याकडे आला.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. तरी त्या हाताचे वजन मला कळले. पूर्वीपेक्षा फार हलका झाला होता तो.

माझे डोके त्या दोन जुळ्या चेंडूंच्या मधून न्यायचे होते. जराही स्पर्श झाला असता, तर डाव गेला असता. आणि माझी मान तर हलती. तिने दांडा डावीकडे पिळला आणि मला इंच इंच पुढे सरकवले. बाक खाली. डोके स्थिर. उजव्या बाजूच्या चेंडूचे थंड अंग माझ्या पितळेच्या इतके जवळ होते, की त्यात मला माझाच चेहरा दिसत होता. मग माझ्या खाचेतून काठी सर्रकन पुढे गेली.

काळा जाळीत पडला. पण पांढरा मागच्या काठावर आपटून परतला आणि थेट माझ्याकडे येऊ लागला. तो मला लागला असता, तरी सगळे मातीत गेले असते. एनेदिनाने उकळत्या भांड्यातून पळी काढावी तशी मला अलगद उचलली. पांढरा माझ्या खालून गेला आणि जुळ्या भावांच्या मधून बाहेर पडून थांबला.

क्षणभर कोणालाच काय झाले ते उमगले नाही. सेनोनच्या हातातले भजे खाली पडले.

"एनेदिना," तो म्हणाला, "आता पुढं काय करायचं असतं, ठाऊक आहे का?"

"काय करायचं असतं?"

"मलाही आठवत नाही. तू जिंकतेस कुठं."

हॉलमध्ये असा काही गलका झाला, की बाहेरचा बँड थांबला. यादिएल मात्र आपली काठी पेटीत भरू लागला.

"थांब, थांब," सेनोनने त्याला धरले. "हरलास. आता पंच तू."

"मला भूक लागलीय."

"जाऊ दे त्याला," एनेदिना पुढे येऊन म्हणाली. तिच्या डोळ्यांत लहान मुलीसारखी आशा होती. "त्याच्या जागी मी उभी राहते. मला सवय आहे."

"तुला नाही चालणार."

"का? जिंकले म्हणून शिक्षा?"

"अगं, जो तुझ्याशी पुढं खेळणार, त्याच्या सामन्याला तू पंच कशी होशील?" सेनोनने तिला दंडाला धरून तक्त्यासमोर नेले. "ही बघ. ही तुझी रेघ. ही किलेसची. दोन्ही कुठं मिळतात?"

एनेदिना रेघेवरून बोट फिरवत राहिली. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिने त्या तक्त्याकडे फक्त एवढ्यासाठी पाहिले होते, की हरल्यावर आपल्याला कोणाचा सामना पाहायला मिळेल. जिंकल्यावर काय, हे तिने कधी वाचलेच नव्हते.

"म्हणजे किलेसशी," ती म्हणाली, "मी?"

"तो जिंकला तर."

ती दोरीमागे जाऊन सोराइदाच्या पुढ्यात उभी राहिली. "किलेस हरला ना," तिने मुलीला सांगितले, "तर मी त्या आरेसिबोवाल्याचं जेवण बंद करीन."

तशी वेळ आली नाही.

किलेसशी तिचा सामना कसा झाला हे विचारू नका. तीन शून्याने हरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ लागला. बहुतेक वेळ ती खेळाडूच्या खुर्चीवर बसून होती. पण त्या खुर्चीइतके जवळ पंचालाही उभे राहता येत नाही. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, पुढे झुकून पाहत होती आणि मध्येच हसत होती. आपल्याला हरवणाऱ्या माणसाकडे बघून इतके खुशीत हसणारे कोणी मी त्याआधी पाहिले नव्हते.

शेवटच्या डावात पांढरा लांब गेला. किलेस उंच, पण त्याची पाठ आता म्हातारी होती. तो थोडा वाकला, थांबला आणि त्याने सगळ्या हॉलसमोर टेबलाखाली हात घातला.

"बाई, ही तुमचीच ना? घेऊ का?"

"हॉलची आहे. घ्या. पण दांडा जरा डावीकडे पिळून धरा. मान हलते तिची."

किलेसने तसेच धरले, मारले आणि चेंडू जाळीत घातला. मग मला नीट उलटसुलट करून पाहिले. "किती वर्षं खेळता?"

"खेळते कुठं? शिकतेय."

मला खुंटीवर ठेवताना त्याने माझे डोके आपल्या बाहीने पुसले.

हरल्यावर एनेदिना रीतीप्रमाणे पंच झाली, किलेसच्याच पुढच्या सामन्याची. पोटभर जेवण झाल्यावर वर गोड मिळावे तसे ते होते. त्या सामन्यात किलेस पोन्सेच्याच एका तरुण मुलीकडून हरला. आता पंच तो. एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचे कसे, म्हणून सेनोन कान खाजवत उभा राहिला. पण किलेस स्वतःच एनेदिनाजवळ आला.

"सरका बाई. आता माझी पाळी."

"तुम्ही राहू द्या हो, मी उभी राहते."

"बरं सांगताय," किलेस म्हणाला. "एवढ्या जवळून बघायला मिळतं ते सोडू? मी येतो कशाला मग?"

एनेदिनाने त्याच्याकडे पाहिले. मग मान हलवून तिने आपली जागा त्याला दिली.

पुढच्या जत्रेला एनेदिना नव्हती. शाळेच्या भोजनघरात तिचा पाट अजून आहे, असे म्हणतात. नवी स्वयंपाकीण उंच आहे, तरी तो कोणी हलवत नाही.

त्या वर्षभर मी खुंटीवरच होते. सेनोनने शहरातून एक नवी, प्लॅस्टिकच्या डोक्याची कुबडी मागवली होती. मी पुन्हा आंब्यांकडे जाणार असे मला वाटू लागले होते. जत्रेच्या सकाळी कोणीतरी टेबलापाशी गुडघे टेकून बसले. दोन लांब हात आत आले आणि त्यांनी मला बाहेर काढले. सोराइदा होती. तिने सोबत एक फडके आणि जवसाचे तेल आणले होते. तिने मला डोक्यापासून टोकापर्यंत पुसले. माझ्या मानेत एक बारीक पाचर ठोकली. मग मला हलवून पाहिले. आणि तिने ती पाचर पुन्हा काढून टाकली.

"काढलीस का?" सेनोनने विचारले.

"डावीकडे पिळून धरलं की बसते की."

"बसते." सेनोनने तिच्याकडे पाहिले. "नाव देणार?"

"देतेय."

"तू तर खेळत नाहीस."

"हो ना. म्हणजे हरायला सोपं."

सेनोनने रुमाल काढून नाक शिंकरले. मग तो आपल्या ठरलेल्या आवाजात म्हणाला, "मग सोराइदा, यंदा कोणाकडून हरायचं ठरवलंय?"

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, अंगणात माझ्यासारखे काहीतरी पडलेले असेल, थोडे वाकलेले, मान हलणारे. त्याला फेकण्याआधी एकदा विचारा, की ते कसे धरले म्हणजे स्थिर राहते. ते कुणाला तरी ठाऊक असते. तो माणूस आहे तोवर विचारून घ्या. आणि तुमचा हात पोचत नसेल, तर खाली वाकून मला उचलायला लाजू नका. काम झाले, की पुसून जागेवर ठेवा, म्हणजे पुढच्याला मी सापडेन.

सोराइदाच्या वाट्याला त्या दिवशी पोन्सेची ती तरुण मुलगी आली, जिने किलेसला हरवले होते. सोराइदा उंच आहे, तिला माझी गरज नव्हती. तरी तिने मला घेतले. सामना सुरू होण्याआधी ती तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. हरल्यावर कोणाचा सामना पाहायला मिळेल, ते तिने आधी वाचले. मग तिने आपल्या नावावर बोट ठेवले आणि जिंकल्यावरची रेघही शेवटपर्यंत वाचली.